पाखाडीच्या कडेने : पावसात रेसट्रॅकवर

(पडद्यावर : काचेवरून ओघळणारं पाणी. वायपर.)

हा आवाज नीट ऐका. वायपरचा नाही, त्याच्या खालचा, चाकाच्या वर जी कमान असते ना तिच्या आत पाणी आपटतंय तो. आपण मुंबईकर जून ते सप्टेंबर हाच आवाज ऐकत फिरतो, टॅक्सीत बसा नाहीतर बसमध्ये. पण हा मुंबईतला नाहीये, हा चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला जो रेसट्रॅक आहे तिथला आहे, गाडी आहे पोर्शे ९११, आणि चालवतोय मी.

मी वडाळ्याचा. अंधेरीला इम्पोर्टेड गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये काम करतो. ही गाडी आमच्या एका कस्टमरची, आम्ही त्यांना शेठ म्हणतो, ट्रॅक डे होता, म्हणजे आपली गाडी रेसट्रॅकवर चालवायचा दिवस, म्हणून गाडी ट्रेलरवर घालून एवढ्या लांब नेली होती. सकाळभर ऊन. दुपारी तीनला आभाळ असं फाटलं की समोरची पिट लेन, ट्रॅकशेजारची गाड्या थांबायची गल्ली, दिसेना. शेठ म्हणाले, मी पावसात नाही चालवणार, तू छोट्या रेसगाड्यांचं कार्टिंग केलंयस ना, इन्स्ट्रक्टर शेजारी बसतील, तू जा. मी दोनदा विचारलं, नक्की ना शेठ? मग हेल्मेट घातलं.

आता त्या लॅप्सचं, म्हणजे ट्रॅकवरच्या फेऱ्यांचं, सांगण्याआधी माझ्या वडिलांबद्दल, अण्णांबद्दल सांगायला लागेल, कारण त्याशिवाय हे कळणार नाही.

(पडद्यावर : वडाळ्याची चाळ. खिडकीत बसलेले अण्णा.)

अण्णा बेस्टमध्ये ड्रायव्हर होते, २८ वर्षं, त्यातली बरीच डबल डेकरवर. सप्टेंबर २०२३ मध्ये जुन्या डिझेलच्या डबल डेकर बंद झाल्या तेव्हा अण्णा मुद्दाम डेपोत गेले आणि एका गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून आले, घरी येऊन काही बोलले नाहीत. मिलन सबवे, हिंदमाता, किंग्ज सर्कल, कुठे पाणी किती चढतं ते त्यांना तोंडपाठ. पण त्यांना भीती तुंबलेल्या पाण्याची नव्हती, पहिल्या सरीची होती. म्हणायचे, धो धो पडला की रस्ता धुऊन निघतो, तो बरा, पण पहिली दहा मिनिटं रस्ता तेलकट असतो, महिनोन्‌महिने सांडलेलं ऑइल वर तरंगतं, त्यावर ते इंद्रधनुष्यासारखे रंग दिसतात ना, तिथे ब्रेकवर जोर द्यायचा नाही. आणि सगळ्यात गुळगुळीत जागा कुठली, तर बसस्टॉपच्या पुढची. का? रोज तिथेच प्रत्येक बस थांबते, तिथेच ब्रेक, तिथेच तेल ठिबकणार.

आमचं गाव संगमेश्वराकडे. घरापासून खालच्या वहाळापर्यंत, ओढ्यापर्यंत, जांभ्याची पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट. श्रावणात मी तिच्यावरून दोनदा आपटलोय, कोपर फुटलं होतं. तेव्हा अण्णांनी मला हाताला धरून चालवत नेलं आणि दाखवलं, हे बघ, मधला दगड पायांनी घासून घासून गुळगुळीत झालाय, शेवाळ तिथेच धरतं, कडेचा चिरा खरबरीत आहे, कडेने चाल. मी सात-आठ वर्षांचा असेन.

तर आता ट्रॅक.

(पडद्यावर : ओला ट्रॅक, वरून.)

साधारण ३.७ किलोमीटरचा ट्रॅक, १२ वळणं. कोरड्यात प्रत्येक वळणाला एक ठरलेली लाइन असते, बाहेरून यायचं, वळणाच्या सगळ्यात आतल्या टोकाला म्हणजे अ‍ॅपेक्सला टेकायचं, परत बाहेर पडायचं. सगळ्या गाड्या त्याच लाइनवरून जातात, त्यामुळे टायरचं रबर तिथेच घासून बसतं, आणि कोरड्यात ते रबर म्हणजे सोनं, गाडी चिकटून चालते. पण पाऊस आला की तीच लाइन उलटते. डांबराची बारीक छिद्रं रबराने बुजलेली, वर ऑइल, त्यावर पाण्याचा थर, म्हणजे काचच. ग्रिप गेलेली नसते, ती सरकलेली असते, बाहेरच्या बाजूला, जिथे एरवी कुणी जात नाही, जिथे खडीची टोकं अजून पाण्याच्या वर डोकं काढून आहेत.

इन्स्ट्रक्टर मला हिंदीत एवढंच म्हणाले, अ‍ॅपेक्स विसर, वळणाला बाहेरून वळसा घालून ये, आणि कोरडी लाइन ओलांडायचीच असेल तर स्टेअरिंग सरळ ठेवून ओलांड. माझ्या डोळ्यासमोर ती पाखाडी आली, खरंच सांगतो.

पण नुसतं माहीत असून होत नाही, कारण हात ऐकत नाहीत. दोन वर्षं कार्टिंग करून हाताला सवय लागलेली असते आत जायची, पहिल्या लॅपला मी तीनदा आत गेलो आणि तीनही वेळा गाडीचं नाक वळलंच नाही, सरळच चाललं. ९११ चं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे असतं, पुढे वजन कमी. ओल्यात हे आधी नडतं, मग कामाला येतं. आधी नडतं म्हणजे सरळ रस्त्यावरच लवकर ब्रेक मारून मोकळं व्हायचं, मग थांबायचं, गाडीचं वजन बसू द्यायचं, मग वळायचं, हे थांबणं फार अवघड आहे हो. आणि कामाला येतं म्हणजे वळणातून बाहेर पडताना मागच्या चाकांवर सगळं वजन असल्यामुळे हळूच अ‍ॅक्सिलेटर दिला की गाडी अशी ढकलते की दुसऱ्या गाडीची चाकं तिथे फिरत बसली असती.

टायरचं मी जरा जास्त बोलेन, ते माझं रोजचं काम आहे. या गाडीचा मागचा टायर २९५ मिलीमीटर रुंद. लोकांना वाटतं रुंद टायर म्हणजे पकड जास्त, कोरड्यात बरोबर, पण पाण्यावर रुंद टायर होडीसारखा तरंगायला बघतो. पाणी खाचांमधून बाहेर फेकलं गेलं नाही की टायर रस्ता सोडतो, यालाच अ‍ॅक्वाप्लेनिंग म्हणतात. नासाने १९६० च्या दशकात विमानांच्या टायरवरून एक ढोबळ सूत्र काढलं होतं, त्यात टायरमधल्या हवेचं प्रेशर महत्त्वाचं, ३२ पीएसआयला साधारण ताशी ९५ किलोमीटरच्या आसपास टायर तरंगायला लागतो, पाणी पुरेसं साचलेलं असेल तर. म्हणून सकाळी उन्हात जी हवा मी कमी केली होती, गरम झाल्यावर वाढते म्हणून, ती दुपारी पावसात भिजत बसून परत भरली, कारण ओल्यात टायर तापतच नाही. फॉर्म्युला वनचा पूर्ण पावसाळी टायर ताशी ३०० च्या वेगाला सेकंदाला ८५ लिटर पाणी फेकतो, एक टायर! आणि आपल्याकडे रस्त्यावरच्या कारला कायद्याने किमान १.६ मिलीमीटर खाच लागते, तेवढीही नसलेले टायर मी रोज बघतो, लाखोंच्या गाड्यांना.

या गाडीत एक गोष्ट आहे तिने मला वेड लावलं. पुढच्या चाकांच्या कमानीत सेन्सर आहेत, ते उडणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकतात आणि रस्ता किती ओला आहे ते ठरवून ड्रायव्हरला वेट मोड, म्हणजे ओल्या रस्त्यासाठीची सेटिंग, लावायला सुचवतात. गाडीच कान देऊन ऐकते. अण्णाही हेच करायचे, खिडकी चार बोटं उघडी ठेवायचे पावसातही, बाही भिजायची, आई ओरडायची.

(पडद्यावर : गाडीच्या आतला कॅमेरा. चौथा लॅप.)

चौथ्या लॅपला डावं पुढचं चाक ट्रॅकच्या कडेच्या रंगवलेल्या पट्टीवर, कर्बवर गेलं. ओल्यात रंग म्हणजे साबण. स्टेअरिंगमधला जीवच गेला, हातात काहीच नाही, गाडी स्वतःच्या मनाने चालली. अशा वेळी पाय झटकन उचलावासा वाटतो आणि ९११ मध्ये तोच घात, मागचं वजन फिरून पुढे येतं. इन्स्ट्रक्टर काही बोलले नाहीत, फक्त तळहात खाली दाबल्यासारखा केला, हळू. मी पाय थोडा सैल केला, हात तसेच धरून ठेवले, जिथे जायचं तिथे बघत राहिलो. सेकंदभर असेल. मग सीटमधून कळलं, टायरने रस्ता धरला. हातांच्या आधी सीटला कळतं. अण्णा म्हणायचेच, बस पायाने नाही, बुडाने चालते.

पावसातली रेस म्हटली की सगळे फॉर्म्युला वनच्या आयर्टन सेनाचं नाव घेतात, आणि घ्यावंच. ११ एप्रिल १९९३, इंग्लंडमधलं डॉनिंग्टन, सुरुवातीलाच पाचव्या नंबरवर गेलेला माणूस पहिला लॅप संपायच्या आत पहिला होता, शूमाकर, वेंडलिंगर, हिल, प्रोस्ट, एकेकाला मागे टाकत. वेंडलिंगरला त्याने बाहेरून काढलंय, ते परत बघा, कोरड्यात तिथून कोण जाईल. पण पावसातलं दुसरं नावही मी घेणार, ज्यूल्स बियांकी, तोही फॉर्म्युला वनचाच ड्रायव्हर. ऑक्टोबर २०१४, जपानमधलं सुझुका, ओल्या ट्रॅकवरून गाडी बाहेर गेली आणि दुसरी गाडी उचलायला आलेल्या वाहनावर आदळली, पुढच्या जुलैत तो गेला. २५ वर्षांचा होता. ट्रॅकवर मार्शल असतात, झेंडे असतात, अ‍ॅम्ब्युलन्स उभी असते, तरीही असं होतं.

आणि आपल्याकडे? मुंबईत कारसाठी एकही कायमस्वरूपी रेसट्रॅक नाही. त्यामुळे पाऊस ओसरला की रात्री पोरं कोस्टल रोडवर गाडी ‘काढून बघतात’, जिथे सरळ रस्त्यालाही ८० ची मर्यादा आहे. त्यांच्या गाड्या नंतर आमच्याकडे येतात, कधी पुढचा भाग नसतो. पोरांना शिकायला जागा द्या हो, साधं ओलं केलेलं काँक्रीटचं मैदान द्या, जिथे गाडी घसरली तर कुणी मरणार नाही आणि घसरणं काय असतं ते कळेल. हे मी मनापासून मागतोय.

(पडद्यावर : पुन्हा वडाळा. रात्र. बाहेर पाऊस.)

परत आलो आणि अण्णांना मोबाइलवर तो चौथा लॅप दाखवला. चष्मा नाकावर, फोन हातभर लांब धरलेला. एक शब्द नाही. पण खाली बघितलं तर त्यांचा उजवा पाय फरशीवर हलत होता, प्रत्येक वळणाआधी दाबला जायचा, मग हळूच सैल. आणि प्रत्येक वेळी माझ्या आधी.

कर्बचा प्रसंग आला तेव्हा त्यांनी व्हिडिओ थांबवला, मागे नेला, परत बघितला.

"इथे नाही चुकलास," म्हणाले, "याच्या आधीच्या वळणाला चुकलायस. परत लाव."