बिनव्याजी व्यवहार आणि संगणकावरची खतावणी

नमस्कार. बेळगावच्या शहापूर-वडगावचा यंत्रमागधारक असो वा निपाणीचा तंबाखू व्यापारी, धंद्याचे चक्र बरेचसे उधारीवर फिरते. ज्यांना रिबा, म्हणजे व्याज, निषिद्ध आहे, त्यांच्यासाठी हिशेब चोख असणे ही पहिली अट ठरते. कुराणातील सूरह अल-बकराची २८२वी आयत मुदतीचे देणे लिहून ठेवण्यास सांगते.

मुराबहा, म्हणजे मूळ किंमत आणि नफा उघड सांगून केलेली विक्री, हा प्रकार घेऊ. समजा, विणकराला ८०,००० रुपयांचे यंत्र हवे आहे. भांडवलदाराने ते आधी स्वतः विकत घेऊन ताब्यात घ्यावे, मूळ किंमत उघड सांगावी आणि ८,००० रुपये नफा धरून ८८,००० रुपयांना विकावे. विणकर ही रक्कम ११ हप्त्यांत फेडू शकतो. म्हणून खरेदीची नोंद आधी आणि विक्रीची नंतर, दोन्ही आपापल्या बिलांसह असायला हवी. केवळ ८०,००० रुपये देऊन ८८,००० रुपये येणे दाखवले, तर ते व्याजी कर्जच झाले, नाव काहीही द्या. हप्ता लांबला तरी किंमत वाढत नाही. टॅली या हिशेबाच्या संगणक प्रणालीत खात्यागणिक व्याज आकारण्याची सोय आहे. अशा खात्यांवर ती बंद ठेवावी. (आपल्या बँका ही पद्धत का वापरत नाहीत? १९४९ च्या बँकिंग नियमन कायद्याचे कलम ८ त्यांना मालाच्या खरेदी-विक्रीचा व्यापार करू देत नाही.)

मुदारबामध्ये एकाचे भांडवल आणि दुसऱ्याची मेहनत असते. नफा ठरलेल्या प्रमाणात वाटला जातो. तोटा मात्र, मेहनत करणाऱ्याची कसूर नसेल तर, भांडवल देणाऱ्याच्या माथी बसतो. इथेच भांडणे होतात, कारण दुकानाच्या गल्ल्यातून घरचा किराणाही भरला जातो आणि मग तोटा धंद्याचा की घरखर्चाचा, हे कोणालाच सांगता येत नाही. घरासाठी उचललेली प्रत्येक रक्कम स्वतंत्र उचल खात्यात, त्याच दिवशी नोंदवावी.

जकातीचा, म्हणजे इस्लाममधील सक्तीच्या वार्षिक दानाचा (नाक्यावरच्या कराचा नव्हे), हिशेब चांद्र वर्षावर चालतो, तर आपली खातेवही एप्रिल ते मार्च. चांद्र वर्षाचा दर २.५ टक्के आहे. सौर वर्ष धरणाऱ्यांसाठी काही विद्वान तो सुमारे २.५७७ टक्के सांगतात. चांद्र वर्षाचा मार्ग स्वीकारल्यास जकातीच्या तारखेचा शिल्लक मालाचा अहवाल काढून ठेवावा आणि माल त्या दिवशीच्या बाजारभावाने धरावा.