पीककर्जाची जाहिरात कुणासाठी?

(बँकांच्या प्रसिद्धी विभागांत काम करणाऱ्यांसमोर मुंबईत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, नाबार्ड या शेतीकर्जाच्या शिखर बँकेचं मुख्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात, रिझर्व्ह बँक फोर्टात आणि बहुतेक मोठ्या बँकांच्या जाहिरातीही याच शहरात ठरतात. त्यामुळे पीककर्जाचं पोस्टर बघितलं की ते मुंबईत बनलंय हे लगेच कळतं. हिरवंगार शिवार, कोरा फेटा, हातात कार्ड आणि चेहऱ्यावर हसू. कर्ज घेताना हसणारा शेतकरी मी तरी अजून पाहिलेला नाही. तो बँकेत येतो तेव्हा पेरणी डोक्यावर असते, खताचा दुकानदार उधारी मागत असतो आणि फाइलमधला एखादा कागद हमखास राहिलेला असतो.

त्याला जे विचारायचं असतं ते पोस्टरवर नसतं. जमीन तर जाणार नाही ना? भरायचं कधी? पाऊस गेला तर? आणि सगळ्यात शेवटी, आवाज खाली आणून: माफी होणार आहे का?

जमिनीची भीती उगाच आलेली नाही. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला जो उठाव झाला, त्यात लोकांचा राग माणसांपेक्षा दप्तरावर जास्त होता. सावकाराची कर्जखतं बाहेर काढून जाळली गेली. अंगठा दिला की जमीन गेली, हा अनुभव घराघरात होता. सरकारला 1879 साली शेतकरी कायदा करावा लागला तो त्यातूनच. आज 2 लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला तारण मागायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम 1 जानेवारी 2025 पासून लागू आहे. हे एक वाक्य पोस्टरवर मोठ्या अक्षरात हवं. प्रत्यक्षात ते कुठे असतं? तळाशी, 'अटी लागू'च्या शेजारी.

आता व्याजाचं. 'अल्प व्याजदर' म्हणजे किती, ते रुपयांत सांगा. लाखभर पीककर्ज वर्षभर वापरलं तर 7 टक्क्यांनी 7,000 रुपये होतात. मुदतीत भरलं की केंद्राची 3 टक्के सवलत मिळते, म्हणजे 3,000 वाचले, राहिले 4,000. त्यावर राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत आहे; गावच्या सेवा सहकारी सोसायटीमार्फत जिल्हा बँकेचं कर्ज घेणाऱ्याला ती मिळाली की 3 लाखांपर्यंतचं कर्ज शून्य टक्क्यावर येतं. पण हा सगळा डोलारा एका तारखेवर उभा आहे. ती चुकली की दोन्ही सवलती गेल्या. तरी मी पाहिलेल्या जाहिरातींमध्ये 'शून्य टक्के' ठळक असतं आणि परतफेडीची तारीख नसतेच. खरं तर तारीख ठळक हवी. मार्च उजाडला की सोसायटीचा गटसचिव दारोदार फिरतो, लोक हातउसने घेतात, दोन-चार दिवसांसाठी भारी व्याजाने पैसे उचलतात आणि नवं-जुनं करतात, म्हणजे जुनं कर्ज भरून लगेच नवं उचलतात. बँकेच्या वहीत वसुली शंभर टक्के दिसते. त्या दोन-चार दिवसांचा भुर्दंड कुणाच्या वहीत येत नाही.

किसान क्रेडिट कार्ड 1998 साली आलं ते खरं म्हणजे यासाठीच. ते पाच वर्षांचं चालतं खातं आहे. लागेल तेवढं काढा, कांद्याची पट्टी, म्हणजे विक्रीचे पैसे, आले की भरा, पुन्हा लागलं तर पुन्हा काढा. जेवढे पैसे जेवढे दिवस वापरले, तेवढंच व्याज. लाखातले 50,000 चार महिने आधी भरले तर 7 टक्क्यांनी साधारण 1,167 रुपये वाचतात. हे गावात फार थोड्यांना माहीत असतं. बाकीचे एकदाच सगळं उचलतात आणि कार्ड कपाटात साडीच्या घडीखाली जातं. आणखी एक गंमत सांगतो. मर्यादा ठरवताना पिकाच्या खर्चावर 10 टक्के रक्कम घरखर्चासाठी म्हणून धरलेली असते. पोरीची फी, आजारपण यासाठी ती वापरता येते, नियमातच आहे. पण पिकाचे पैसे घरात वापरले म्हणून गुन्हा केल्यासारखं तोंड करून माणसं शाखेत उभी राहतात. त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

माफीच्या प्रश्नाला जाहिरातीत उत्तर देता येणार नाही, हे मान्य. 2008, 2017, 2019 अशा माफ्या लोकांनी पाहिल्यात. निवडणूक जवळ आली की भरणारा हात आखडतो. अशा वेळी शाखेतल्या माणसाने उपदेश करू नये. थकलं तर पुढच्या हंगामात किती मिळेल आणि न थकता किती, एवढा हिशेब कागदावर मांडून दाखवावा. पीक गेलं तर कर्जाच्या पुनर्गठनासाठी, म्हणजे परतफेडीची मुदत वाढवून घेण्यासाठी, अर्ज कुठे करायचा, हेही त्याच कागदावर.

'सर्व शेतकऱ्यांसाठी' हे शब्द मात्र जपून वापरा. नियमात वाटेकरीही बसतो. पण शाखेत पहिला प्रश्न सातबाऱ्याचा, आणि सातबारा मालकाच्या नावावर. पोस्टर वाचून आलेला वाटेकरी हात हलवत परत गेला की पुढची पाच वर्षं तो बँकेची पायरी चढत नाही, आणि चार जणांना सांगतो ते वेगळंच.

जागा आणि वेळ कुठली? एप्रिल-मे. मृग निघाल्यावर सांगून उपयोग नाही, तोपर्यंत त्याने कुठून तरी पैसे उभे केलेले असतात. हायवेच्या होर्डिंगपेक्षा आठवडी बाजार, दूध संकलन केंद्र, सोसायटीची भिंत बरी. आणि ज्याने गेल्या वर्षी कर्ज घेऊन वेळेत फेडलं, त्याला पारावर बोलू द्या. अधिकाऱ्याचं भाषण लोक चहासाठी ऐकतात.

जाता जाता तुमच्याच शहराचं. 2018-19 पासून किसान क्रेडिट कार्ड मच्छीमारांनाही मिळतं. डिझेल, बर्फ, जाळी, खलाशांचा पगार या खेळत्या भांडवलासाठी ते आहे. वेसाव्याला, वरळीला, ससून डॉकवर मी विचारलं, तर बरेच जण म्हणाले, "ते शेतकऱ्यांचं ना?" त्यांचं चुकलं नाही, पोस्टरवर बैलजोडी आहे, होडी कुठेच नाही. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत मासेमारी बंद असते. बोटी किनाऱ्याला, माणसं घरी, आणि ऑगस्टला समुद्रात उतरण्याआधी खर्चाची जुळवाजुळव चाललेली. बोटीची नोंदणी आणि मासेमारीचा परवाना घेऊन कुठल्या शाखेत, कुणाला भेटायचं, एवढं छापलेला कागद मे महिन्यात कोळीवाड्यात पोचवा. मासळी विकणाऱ्या बायकांसाठी वेगळा काढा, त्यांच्याकडे बोटीचे कागद नसतात. त्यांनी काय आणायचं, ते छपाईला देण्याआधी आपल्याच शाखेत विचारून घ्या.