आंबील ओढ्यात सोडलेली लिंबे

श्रोतेहो, नमस्कार.

आजच्या भाषणाला सुरुवात करण्यापूर्वी एक प्रश्न विचारतो. आपल्या मोरीतले पाणी कुठे जाते? आपण म्हणाल, गटारात. ठीक आहे, पण गटारातून पुढे कुठे? हा प्रश्न आमच्या वसाहतीतल्या एका दहा वर्षांच्या मुलीने रविवारच्या बैठकीत विचारला, तेव्हा तिथे दोन निवृत्त अभियंते, एक मुख्याध्यापिका आणि वसाहतीचे खजिनदार बसलेले होते, आणि त्यांच्यापैकी एकालाही उत्तर देता आले नाही. आपल्या मोरीतले पाणी कुठे जाते, हा प्रश्न कृपया लक्षात ठेवावा, कारण पुढचे सगळे त्याच्याभोवतीच फिरणार आहे.

आमचा हा उपक्रम साधा आहे. दर रविवारी सकाळी मुले आणि मोठी माणसे एकत्र जमतात आणि आपल्या परिसरातली एखादी गोष्ट प्रत्यक्ष जाऊन पाहतात. आरंभी आम्ही दोन वेगळे वर्ग भरवत असू. मुलांसाठी सकाळी चित्रकला आणि मोठ्यांसाठी संध्याकाळी व्याख्यान. व्याख्यानाला अकरा जण आले, त्यांपैकी चौघे आपल्या घरून आणलेल्या खुर्च्या परत नेण्यासाठी शेवटपर्यंत थांबले होते. चित्रकलेचे सांगायचे तर तीस मुलांनी तीस पृथ्व्या काढल्या, आणि प्रत्येक पृथ्वीच्या डोळ्यांतून अश्रू वाहत होते. माझे स्पष्ट मत आहे की पर्यावरण दिनाच्या चित्रकला स्पर्धा पाच वर्षे बंद ठेवाव्यात. मुलांना आपल्या अंगणातला पांगारा ओळखता येत नाही, पण रडणारी पृथ्वी मात्र डोळे मिटून काढता येते.

मुले आणि मोठे एकत्र शिकावेत, ही कल्पना आमची नाही. 1977 साली तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या तिबिलिसी येथे पर्यावरण शिक्षणाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. हे शिक्षण सर्व वयांच्या माणसांसाठी असावे, ते शाळेत असावे आणि शाळेबाहेरही असावे, असे तिने तेव्हाच सांगितले. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही 1991 साली शाळा-महाविद्यालयांत पर्यावरण विषय शिकवण्याचा आदेश दिला, आणि त्यामुळे तो विषय पाठ्यपुस्तकात आला. पाठ्यपुस्तकातून तो घरात कसा यावा, हे काम मात्र आपल्यावर राहिले. पुण्यात ते करणारे पुष्कळ जण आहेत. राजेंद्रनगरातले महानगरपालिकेचे इंद्रधनुष्य पर्यावरण केंद्र आहे, मुठेच्या काठाने लोकांना चालवत नेणारी ‘जीवितनदी’ ही संस्था आहे. त्यांच्याविषयी पुन्हा केव्हातरी सांगेन. आज मला आंबील ओढ्याकडे जायचे आहे.

आंबील ओढा आपल्याला माहीत आहे. तो कात्रजच्या डोंगरात उगम पावतो, कात्रजच्या तलावांतून, पद्मावती आणि सहकारनगरच्या बाजूने वाहतो आणि दांडेकर पुलाखालून पुढे मुठेला मिळतो. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावांचे पाणी नळाने शहरातल्या हौदांत आले, आणि याच ओढ्याच्या जुन्या पात्रात पर्वतीच्या पायथ्याशी जे तळे होते, तिथे आज सारसबाग आहे. अशा ओढ्याला कागदोपत्री ‘नाला’ म्हणतात, हे मला मुळीच पसंत नाही. ओढ्यावर माणूस पाणी भरायला जातो आणि नाल्यात कचरा टाकायला जातो. एकदा नाव बदलले की पुढचे सगळे सोपे होते.

तर त्या मुलीच्या प्रश्नामागे आम्ही एप्रिल महिन्यातल्या एका रविवारी निघालो. सतरा मुले, नऊ मोठी माणसे, एक टेप, खुणा केलेला एक बांबू, सेकंद दाखवणारे एक घड्याळ आणि पिशवीभर लिंबे. प्रवाहाचा वेग मोजायचा तर तरंगणारी वस्तू पाण्यात सोडायची आणि ठरलेले अंतर कापायला तिला किती वेळ लागतो ते पाहायचे, ही सर्वांत सोपी रीत. ती वस्तू बरीचशी पाण्यात बुडलेली हवी, म्हणजे तिला वारा ढकलत नाही. एप्रिलमध्ये लिंबाचा भाव काय असतो ते आपणास सांगायला नको, त्यामुळे एका आजोबांनी ही उधळपट्टी असल्याचे निघतानाच नोंदवून ठेवले. मुलांनी लिंबे आदल्या दिवशी बादलीत टाकून पाहिली होती आणि जी तरंगली तेवढीच बरोबर घेतली होती.

ओढ्यावरच्या एका साकवावर आम्ही उभे राहिलो. काठाच्या भिंतीवर दहा मीटर अंतर खडूने आखले, आणि पहिले लिंबू सोडले. दुसरे सोडले. तिसरे सोडणार तोच पलीकडच्या घरातून एक मावशी हातात केरसुणी घेऊन बाहेर आल्या.

“काय हो, शिकलेली माणसं ना तुम्ही? लेकराबाळांना घेऊन अमावास्येची लिंबं सोडताय आमच्या दारात?”

श्रोतेहो, त्या दिवशी अमावास्या होती. तारीख ठरवताना आमच्यापैकी एकानेही पंचांग पाहिले नव्हते. मुख्याध्यापिकाबाई शास्त्रीय प्रयोग समजावून सांगू लागल्या, त्याने मावशींचा संशय अधिकच बळावला. शेवटी त्या दहा वर्षांच्या मुलीने घड्याळ दाखवून सांगितले, “मावशी, आम्ही पाणी किती जोरात पळतं ते मोजतोय.”

मावशी क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “पाण्याचा जोर? तो लिंबावर कळत नसतो. इकडं ये, दाखवते.”

आणि आम्ही सव्वीस जण त्यांच्या दारात जाऊन उभे राहिलो. आतल्या भिंतीवर खुंटीच्या जरा वर, रंगाखालूनही दिसणारी एक तपकिरी रेघ होती. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री ओढ्याचे पाणी तिथपर्यंत चढले होते. मुलांनी टेप लावला. 5 फूट 2 इंच. टेप धरणारा मुलगा त्या रेघेकडे मान वर करून पाहत होता, आणि त्याचे वडील त्या मुलाकडे पाहत होते. मावशींनी सांगितले की भरलेला सिलेंडर त्यांच्या डोळ्यांसमोर खेळण्यासारखा वाहत गेला, आणि धाकट्याला खांद्यावर घेऊन त्या मागच्या जिन्याने वर गेल्या. पाणी कुठल्या वळणावर आधी बाहेर पडले, भराव घालून पात्र कुठे अरुंद झाले होते, पूर्वी कुठे कपडे धूत असत, हे सगळे त्यांनी बोट दाखवून सांगितले. दोन्ही अभियंते वहीत उतरवून घेत होते. व्याख्यानाला त्यांनी वही आणली नव्हती.

मग त्यांनीच आम्हांला परत साकवावर पिटाळले. “आता सोडा तुमची लिंबं. बघू काय निघतंय.”

जे निघाले ते ऐका. दहा मीटर जायला लिंबाला सरासरी 40 सेकंद लागले, म्हणजे सेकंदाला पाव मीटर. पात्रातले पाणी 2 मीटर रुंद आणि बांबूने मोजले तर सुमारे 20 सेंटिमीटर खोल. गुणाकार केला की सेकंदाला 100 लिटर येतात, परंतु तळाशी आणि कडेला पाणी सावकाश जाते म्हणून पाचवा हिस्सा वजा करायचा. राहिले 80 लिटर. पुन्हा सांगतो, दर सेकंदाला 80 लिटर, 20 लिटरच्या 4 बादल्या. प्रवाह दिवसभर असाच राहिला असे धरले, तर दिवसाचे सुमारे 69 लाख लिटर होतात.

आता खरा प्रश्न. एप्रिल महिना, कित्येक महिन्यांत पाऊस नाही, डोंगर कोरडा. मग हे पाणी कुठले? साकवावर बराच वेळ कोणी बोलले नाही. त्या पाण्याला साबणाचा वास होता. आपल्या मोरीतले पाणी कुठे जाते, याचे उत्तर पायाखालून वाहत होते.

खजिनदार मात्र मनातल्या मनात भागाकार करत होते. आमची वसाहत उन्हाळ्यात रोज टँकर मागवते, आणि त्या बिलावर सही तेच करतात. “10 हजार लिटरचे जवळजवळ 690 टँकर रोज,” ते म्हणाले, आणि चष्मा काढून पुसू लागले. याच गृहस्थांनी निघताना मला सांगितले होते की आपल्या वसाहतीचा ओढ्याशी काही संबंध नाही.

पुढचे थोडक्यात सांगतो, कारण वेळ संपत आला आहे. वसाहतीचे जुने नकाशे काढले गेले, आणि कपडे धुण्याच्या जागेचा एक पाइप मलवाहिनीला जोडलेलाच नाही, तो थेट पावसाळी गटारात सोडलेला आहे, असे आढळले. पावसाळी गटार ओढ्यात जाते. तो पाइप जोडून घेण्याचा ठराव खजिनदारांनी मांडला आणि एका बैठकीत मंजूर झाला. याआधी तीन वर्षे पत्रके वाटून असा एकही ठराव झाला नव्हता. मुलांसमोर आपल्याला उत्तर येत नाही, हे मोठ्या माणसाला फार झोंबते, आणि त्याचा उपयोग करून घेण्यात मला काही गैर वाटत नाही.

आपल्या वसाहतीत असे काही करायचे असेल तर ओढ्याच्या पाण्यात मुलांना उतरवू नका, मोजमाप काठावरून किंवा साकवावरून करा, पावसाळ्यात ओढ्याजवळ जाऊच नका, आणि घरी आल्यावर सर्वांनी हात साबणाने धुवावेत. प्रमाणपत्रे छापू नका. आणि त्या काठावर जे राहतात त्यांच्या दारात आधी जा, आमच्यासारखे नंतर नको.

पाइप जोडल्यानंतरचे पहिले मोजमाप पुढच्या रविवारी आहे. या वेळी लिंबे मावशीच देणार आहेत. अमावास्या नाही, याची त्यांनी पंचांगात पाहून आधीच खात्री करून घेतली आहे.

नमस्कार.