सुईच्या वेळी मुलाचं लक्ष कुठे असावं?

नमस्कार श्रोतेहो.

दाढ खोलवर किडली आहे, भूल देऊनच साफ करावी लागेल, असं सांगितलं की आईवडील आधी इंजेक्शनचं विचारतात. दाढेचं नंतर. मुलाच्या डोक्यात तर त्या क्षणापासून सुईशिवाय दुसरं काही राहत नाही. मी लहान मुलांचे दात बघते, आणि त्या सुईच्या दीड-दोन मिनिटांत मुलाच्या डोळ्यांसमोर पडद्यावर हलतं चित्र आणि कानांत त्याचा आवाज असला तर काय फरक पडतो, ते आज सांगणार आहे.

या इंजेक्शनमध्ये दुखतं ते दोनदा. सुई हिरडीत शिरते तेव्हा, आणि मग औषध आत जाताना पेशी ताणल्या जातात तेव्हा. सुई साधारण 0.3 ते 0.4 मिलिमीटर जाडीची असते. हिरडी कोरडी करून तिच्यावर बधिर करणारं जेल मिनिट-दोन मिनिटं ठेवलं, तर तिचं टोचणं बरंच कमी जाणवतं. औषध सावकाश सोडायचं असतं, एक मिलिलिटरला जवळजवळ एक मिनिट. तोंडातल्या टाळूवर मात्र त्वचा हाडाला घट्ट चिकटलेली असते, औषधाला पसरायला जागाच नसते, म्हणून तिथे जास्त दुखतं. हे सगळं हातचं कसब आहे, आणि कुठलाही पडदा त्याची जागा घेऊ शकत नाही. जेल न लावता, घाईघाईने औषध ढकलायचं आणि मुलासमोर कार्टून लावून ठेवायचं, याला मी उपचार म्हणणार नाही.

मग पडद्याचा उपयोग काय? 1965 साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या वेदनेच्या अभ्यासकांनी मांडलं की वेदनेचा निरोप मेंदूपर्यंत सरळ पोचत नाही; वाटेत एक फाटक असतं, आणि मेंदू स्वतःही ते उघडू-मिटू शकतो. त्यांच्या मांडणीतल्या तपशिलांत पुढे बदल झाले, पण भीतीने वेदना वाढते आणि लक्ष दुसरीकडे गुंतलं की ती कमी होते, हे टिकून आहे. वॉशिंग्टन विद्यापीठात हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी भाजलेल्या रुग्णांच्या जखमा साफ करताना त्यांना डोळ्यांवर लावायच्या चष्म्यातून दिसणाऱ्या बर्फाच्या आभासी जगात फिरवलं, तेही याच आधारावर. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने 2018 साली दोन ते एकोणीस वर्षांच्या मुलांच्या सुईसंबंधी प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. लक्ष वळवण्याने मुलांना होणारा त्रास कमी होतो, असं त्यात दिसलं. मात्र हाती असलेला पुरावा फारसा भक्कम नाही, हेही त्यांनी लिहून ठेवलं. म्हणून पडदा लावला की मूल रडणारच नाही, असं आश्वासन तुम्हाला कोणी देऊ नये, आणि मीही देत नाही.

आता माझ्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचं. पडदा मुलाला फसवण्यासाठी वापरायचा नाही. मूल चित्रात रमलं की हळूच सुई मारायची, ही चलाखी एकदाच जमते. पुढच्या वेळी तेच मूल कार्टून दिसताच तोंड घट्ट मिटून घेतं, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. म्हणून आधी सांगायचं: तुझी दाढ झोपवायची आहे, थोडं टोचल्यासारखं, दाबल्यासारखं वाटेल, मी हळूहळू करीन, आणि तू डावा हात वर केलास की मी थांबेन. आणि हात वर झाला की खरोखर थांबायचं. एवढा विश्वास बसला की मूल आपल्या मनाने चित्राकडे वळतं.

काय बघायचं ते मुलानेच निवडावं, आणि खुर्चीत बसल्याबसल्या सुरू करावं. सुई हातात घेतल्यावर पडदा लावला तर तो कशासाठी आला हे मुलाला लगेच कळतं. तोपर्यंत त्याचं मन गोष्टीत शिरलेलं असायला हवं. नवीकोरी गोष्ट नको. आवडती, पाठ झालेली बरी, कारण मध्येच एखादा शब्द ऐकू आला नाही तरी तिचा धागा तुटत नाही. आवाज इतकाच ठेवावा की माझं बोलणं त्याला ऐकू येईल. हातांनी खेळायचे खेळ मी सुईच्या वेळी देत नाही. खेळता खेळता डोकं हललं तर सुई भलतीकडे लागू शकते.

आभासी जग दाखवणाऱ्या, डोळे पूर्ण झाकणाऱ्या त्या चष्म्यांबद्दल मी सावध असते. काही मुलांना ते फार मानवतात. पण काही मुलं अशी असतात की काय चाललंय ते दिसलं तरच ती शांत राहतात. एक हात पकडून ठेवतात, डोळे विस्फारून माझ्याकडे बघतात, प्रश्न विचारतात. त्यांचे डोळे झाकले तर त्यांच्या मनात सुई खऱ्या सुईपेक्षा मोठी होते. अशा मुलाला चष्मा नको, छताला लावलेला पडदा चालतो. त्याला हवं तेव्हा ते चित्र बघतं, हवं तेव्हा माझा चेहरा. अगदी लहानांच्या चेहऱ्यावर तर तो जड चष्मा नीट बसतही नाही, आणि माझ्या हाताच्या आड येतो तो वेगळाच.

आईवडिलांना माझी एक कळकळीची विनंती. जेवला नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील, अशी धमकी घरात कधी देऊ नका. ती भीती घेऊन आलेलं मूल कुठल्याही पडद्याला बधत नाही. दवाखान्याची वेळ घेताना तिथे पडदा आहे का ते विचारा. नसेल तर मुलाच्या आवडीची गोष्ट फोनवर आधीच उतरवून घ्या, त्याच्या डोक्याला बसणारे हेडफोन आणा, आणि आदल्या दिवशी घरी आडवं झोपून, तोंड उघडं ठेवून ती बघायचा सराव करा. आणि भूल दिल्यानंतर ओठ दोन-तीन तास, कधी त्याहूनही जास्त वेळ, बधिर राहतो. मूल तो चावत बसतं आणि घरी गेल्यावर सूज येते, म्हणून परतीच्या वाटेवरही तीच गोष्ट पुढे चालू ठेवा, आणि बधिरपणा उतरेपर्यंत त्याला खायला देऊ नका.