एल्कच्या शिकारीचं नियोजन: आधी ओझं मोजा

[टेबलावर रिकामी सॅक, शेजारी तांदळाच्या तीन पिशव्या]

नमस्कार मंडळी! आज टेबलावर रायफल नाही, तांदूळ आहे. इंडियन स्टोअरमधल्या २०-२० पौंडांच्या तीन पिशव्या. सॅकमध्ये कोंबल्या की झाले २७ किलो. जुलैपासून आठवड्यातून दोनदा हे पाठीवर घेऊन मी टेकडी चढतो. शेजारी आता विचारायचेही थांबलेत.

गाईड न घेता, अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या सरकारी रानात, आपली आपण एल्कची, म्हणजे सांबरासारख्या मोठ्या हरणाची, शिकार कशी आखायची, हा आजचा विषय. भारतातून बघणाऱ्यांना आधीच सांगतो, आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. हे सगळं इथलं, इथल्या परवान्यावरचं.

प्रत्येक नवखा विचारतो, एल्क सापडेल कुठे? माझा उलटा प्रश्न असतो: पडलेला एल्क गाडीपर्यंत आणणार कसा?

हिशोब करू. पूर्ण वाढलेला नर ३०० किलोच्या आसपास भरतो. हाडं काढून नुसतं मांस धरलं तरी १०० किलोच्या घरात. २५ किलोची एक खेप, म्हणजे चार खेपा. तुम्ही एकटे आहात, गाडी ५ किलोमीटरवर आहे. चारदा भरून यायचं, मध्ये तीनदा रिकामं परत जायचं. साती पाचा पस्तीस. ३५ किलोमीटर, तेही ३,००० मीटर उंचीवर, जिथे बुटाची नाडी बांधतानाही धाप लागते. सोबत एक मित्र असेल तर माणशी दोन खेपा, १५ किलोमीटर. म्हणून मित्र आधी ठरवा, बूट नंतर घ्या.

"हातगाडी नेली तर?" नाही चालत. १९६४ च्या विल्डरनेस कायद्याखालच्या रानात चाकच चालत नाही. मोटार नाही, सायकल नाही, मांस ओढायची दोन चाकांची हातगाडी नाही, झाड आडवं पडलं तर चेनसॉसुद्धा नाही. घोडा चालतो. घोडेवाल्याशी बोलायचं असेल तर उन्हाळ्यातच बोला. ऐन हंगामात फोन लावलात तर तो आधीच कुणाचं तरी मांस वाहत असतो.

[पडद्यावर नकाशा]

हे फ्लॅट टॉप्स, असंच एक विल्डरनेस रान. मीकर गावाच्या पूर्वेला, सुमारे २ लाख ३५ हजार एकर. मला हा भाग आवडण्याचं कारण जरा हळवं आहे. वर लाव्हाचं सपाट पठार, कडेला काळ्या बेसॉल्टचे उभे कडे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हरिश्चंद्रगडच आठवला! फरक एवढाच की इथे घळीत स्प्रूसची, म्हणजे सूचिपर्णी झाडांची, दाट झाडी असते. १९४० च्या दशकात भुंग्यांनी या भागातले स्प्रूस प्रचंड प्रमाणात मारले. वाळक्या खोडांखाली तंबू ठोकू नका, आणि आडव्या ओंडक्यांमधून एक किलोमीटर म्हणजे मोकळ्या वाटेचे तीन समजा.

आता गाडी लागते त्या जागेभोवती ३ किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. शिकार या वर्तुळात. बाहेर कितीही देखणा नर दिसला तरी दुर्बिणीतून बघा आणि सोडून द्या. वर्तुळातही सगळीकडे फिरायचं नाही. पहाटे आणि संध्याकाळी एल्क कुरणात चरतात, दिवसा उत्तरेकडच्या थंड, अंधाऱ्या झाडीत बसतात. डोंगराच्या सोंडेच्या दोन्ही अंगांना हे दोन्ही मिळतील अशा चार-पाच जागा नकाशावर हेरा.

आणि वारा! सकाळी गार हवा घळीतून खाली उतरते, ऊन तापलं की वर चढते, संध्याकाळी पुन्हा खाली. डोळ्यांना एकवेळ फसवाल, एल्कच्या नाकाला नाही. मी टाल्कम पावडरची छोटी बाटली खिशात ठेवतो, चिमूटभर उडवली की कळतं.

कागदपत्रांचं पटकन सांगतो. १ जानेवारी १९४९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचं, म्हणजे शिकारीच्या प्रशिक्षणाचं, कार्ड लागतं. ड्रॉचा, म्हणजे परवान्यांच्या सोडतीचा, अर्ज एप्रिलच्या पहिल्या मंगळवारपर्यंत. बाहेरच्या राज्यातल्यांना धनुष्यबाणाचा एल्क-परवाना पूर्वी दुकानातून थेट मिळायचा. २०२५ पासून त्यांच्यासाठी तो ड्रॉमध्ये गेलाय. त्यामुळे जुने व्हिडिओ बघून बेत आखू नका, माझेसुद्धा. वायोमिंगला जायचं डोक्यात असेल तर तिथे बाहेरच्या माणसाला विल्डरनेसमध्ये गाईड किंवा स्थानिक रहिवासी सोबत लागतोच. एच-वन-बी वाल्यांनो, तुम्ही सगळ्यात आधी वकिलाला विचारा. त्या व्हिसावर बंदूक बाळगायला संघीय कायद्याने मनाई आहे, शिकारीच्या वैध परवान्याचा अपवाद आहे, पण इथे अंदाजाने चालायचं नाही.

रायफलच्या हंगामात कमरेच्या वर ५०० चौरस इंच भडक केशरी किंवा गुलाबी हवं, डोक्यावरही. बऱ्याच युनिटांत, म्हणजे शिकारीच्या विभागांत, नराच्या एका शिंगाला किमान चार टोकं हवीत, नाहीतर कपाळाजवळचं टोक ५ इंचांचं. मोजता आलं नाही तर गोळी नाही.

समजा, पडला एल्क. लगेच कातडं काढा, मांस हाडापासून सोडवा. जाड मांडीत हाडाजवळ ऊब कोंडते आणि मांस तिथूनच आंबतं, बाहेर बर्फ असला तरी. सुती पिशव्यांत भरून सावलीत टांगा. नर की मादी ते ओळखू येईल असा अवयव मांसाला जोडलेलाच ठेवा, वाटेत अधिकारी विचारतात. पहिल्या खेपेला पाठीच्या पट्ट्या आणि एक मांडी. पुढे दुसरी मांडी, मग फरे, मग मानेचं मांस. खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं इथे गुन्हा आहे.

आणि शिंगं? शेवटच्या खेपेला, सॅकमध्ये जागा उरली तर.