बिअरवर प्रेम आहे, पण घरी बनवत नाही

मित्रहो, बिअरबद्दल मनापासून बोलणाऱ्या माणसाला कधी ना कधी एक प्रश्न विचारला जातोच. "एवढी आवड आहे, मग घरी का नाही बनवत?" वाईनच्या शौकिनाला हे सहसा कुणी विचारत नाही. कारण साधं आहे. वाईनला ताजी द्राक्षं लागतात आणि ती हंगामातच मिळतात. बिअरचं तसं नाही. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, ती पोत्यात महिनोन्महिने टिकते. हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी वेलीची फुलं, वाळवून, दाबून पाकिटात बंद केलेले असतात. यीस्टची पुडी फ्रिजमध्ये पडून राहते. एक मोठं पातेलं, झाकणाची बादली आणि शेगडी, एवढ्यावर वर्षातल्या कुठल्याही दिवशी सुरुवात करता येते. हे आपल्या आवाक्यातलं आहे असं वाटतं, आणि ते खरंही आहे. म्हणूनच 'नाही बनवत' म्हणणाऱ्याची आवड जरा कच्चीच असणार, असं लोक धरून चालतात.

मला ते मान्य नाही. मी तीन वर्षं घरी बिअर बनवली आणि मग थांबलो. थांबलो तेव्हा बिअरची आवड कमी झाली नव्हती, उलट वाढली होती. माझ्या ओळखीत कधीच न बनवणारे काही जण आहेत, त्यांची जाण माझ्यापेक्षा खोल आहे. आज त्यांच्या बाजूने बोलायचं आहे.

कायद्याचा मुद्दा आधीच संपवतो. ब्रिटनमध्ये घरगुती बिअरसाठी लागणारा परवाना १९६३ साली रद्द झाला. अमेरिकेत केंद्रीय कायद्याने १९७९ पासून मोकळीक मिळाली. कित्येक ठिकाणी ती आजही नाही, आणि जिथे नाही तिथे हा विषयच संपतो. मला बोलायचं आहे ते परवानगी असूनही न बनवणाऱ्यांबद्दल.

बिअर बनवण्याचा दिवस सुंदर असतो, हे आधी कबूल करतो. दळलेलं माल्ट ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर भिजतं आणि त्यातल्या पिठूळ स्टार्चची साखर होते. सगळ्या घरात भाजलेल्या धान्याचा गोड वास भरतो. ते गोड पाणी, म्हणजे वॉर्ट, गाळून घ्यायचं, तासभर उकळायचं, ठरलेल्या वेळी हॉप्स टाकायचे. सगळं धरून पाच-सहा तास कसे जातात कळत नाही. पण उकळणं थांबलं, वॉर्ट थंड व्हायला लागलं, की दिवसाचा रंग पालटतो. आता जे जे त्याला लागेल ते निर्जंतुक हवं. चमचा, नळी, झाकण, थर्मामीटर, तुमचा हात. यीस्टने जोर धरेपर्यंत ते कोमट गोड पाणी कुठल्याही जंतूसाठी मोकळं रान असतं. बिघडलेल्या बिअरने माणूस सहसा आजारी पडत नाही. अल्कोहोल, हॉप्स आणि आंबटपणा यांच्यापुढे रोगजंतूंचा टिकाव लागत नाही. पण चव जाते, आणि वीस लिटर मोरीत ओतावे लागतात.

म्हणजे मुख्य काम धुण्याचं. वीस लिटरच्या एका बॅचला अर्ध्या लिटरच्या चाळीस बाटल्या लागतात. तळाचा गाळ सोडला तर अडतीस भरतात. त्यातली एक बाटली मला अजून डोळ्यांसमोर दिसते. बाहेरून लखलखीत. उजेडाकडे धरून तोंडातून आत पाहिलं, तर तळाच्या कोपऱ्याशी करड्या रंगाची एक बारीक कड होती. मागच्या वेळी पिऊन लगेच विसळली नव्हती, त्यामुळे वाळून बसलेलं यीस्ट. ब्रश तळाला पोचतो, पण त्या कोपऱ्यात वळत नाही. धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात ती रात्रभर ठेवली. सकाळी पुन्हा उजेडाकडे धरली, कड होतीच. बाटली बाजूला काढली. मग मनात आलं, बाकीच्या बाटल्या मी इतक्या बारकाईने पाहिल्या आहेत का? पुन्हा पहिलीपासून सुरुवात केली. दुपार झाली तेव्हा माझी पाठ दुखत होती आणि एक थेंबही भरून झाला नव्हता. माझ्या एका मित्राला नेमकं हेच काम आवडतं. धुतलेल्या बाटल्या ओळीने उलट्या टांगल्या की त्याला समाधान वाटतं. त्याच्यापुढे मी हात जोडतो. पण बिअर आवडणं आणि बाटल्या धुणं आवडणं या दोन गोष्टी एकाच माणसात असायलाच हव्यात, असं कुठे लिहिलं आहे?

दुसरं कारण थंडाव्याचं आहे, आणि ते जरा इतिहासातून सांगतो. जर्मनीतल्या बव्हेरियामधल्या १५१६ सालच्या त्या प्रसिद्ध नियमात बिअरसाठी तीनच जिन्नस सांगितले होते, बार्ली, हॉप्स आणि पाणी. यीस्टचा उल्लेखच नाही, कारण तेव्हा ते काय आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं. बिअर कधी छान होई, कधी नासे. नासण्यामागे भलतेच सूक्ष्मजीव असतात, हे लुई पाश्चरने १८७६ साली बिअरवरच्या आपल्या ग्रंथात मांडलं. कोपनहेगनमध्ये कार्ल्सबर्ग या बिअर कंपनीच्या प्रयोगशाळेत एमिल क्रिस्टियन हान्सन यांनी १८८३ साली यीस्टची एकच पेशी वेगळी काढून तिच्यापासून शुद्ध वाण वाढवलं, आणि ते वाण इतर बिअर बनवणाऱ्यांनाही दिलं गेलं. त्याच्या आधीच्या दशकात कार्ल फॉन लिंडे या जर्मन अभियंत्याने बिअरच्या कारखान्यांसाठी बर्फ न वापरता थंडावा देणारी यंत्रं उभी केली होती. आज आपण स्वच्छ, सोनेरी, तजेलदार लागर, म्हणजे थंडाव्यात सावकाश आंबवलेली बिअर, पितो तिच्यामागे ही सगळी माणसं उभी आहेत.

आता घरातली बादली पाहा. लागरला आंबताना साधारण ८ ते १२ अंश हवेत, आणि पुढे कित्येक आठवडे शून्याच्या जवळपास. एलला, म्हणजे जरा उबेत आंबणाऱ्या बिअरला, १८ ते २० पुरतात, पण यीस्ट काम करताना स्वतः उष्णता सोडतं, त्यामुळे बादलीच्या आतलं तापमान खोलीपेक्षा दोन-चार अंश वरच असतं. ते फार चढलं की बिअरला थिनरसारखा झोंबरा वास येतो. वेगळा फ्रिज घेतला की हे सुटतं. पण तो ठेवायचा कुठे, हा प्रश्न घरातल्या बाकीच्या माणसांचाही असतो. ज्याचं मन लागरवर आहे तो म्हणतो, जी गोष्ट कारखान्यात इतकी नेमकी होते तिची अर्धवट नक्कल मी कशाला करू? यात मला हार दिसत नाही. दुसऱ्याच्या कसबाची ती खरी कदर आहे.

बाटली फुटण्याची भीतीही खोटी नाही. आंबणं पूर्ण झालंय का हे हायड्रोमीटरने, म्हणजे पाण्याच्या तुलनेत घनता मोजणाऱ्या नळीने, पाहायचं असतं. सुरुवातीला १.०५० असलेली घनता १.०१२ वर येऊन दोन-तीन दिवस तिथेच थांबली, तर साधारण ५ टक्के अल्कोहोलची बिअर तयार झाली असं समजायचं. घाई करून आधीच बाटल्या भरल्या तर उरलेली साखर बंद बुचाखाली आंबत राहते. लिटरमागे चार ग्रॅम साखर जादा राहिली, की बिअरच्या आकारमानाएवढा जादा कार्बन डायऑक्साइड तयार होतो. माझ्याकडे एका रात्री तीन बाटल्या फुटल्या. सकाळी कपाट उघडलं तर समोरच्या दाराच्या लाकडात काचेचा तुकडा रुतलेला. घरात लहान मूल असेल तर एवढं एकच कारण पुरेसं आहे.

पण मी थांबलो ते यातल्या कशानेच नाही.

मी बनवलेली बिअर मला पिता येईना. ती वाईट नव्हती, पिणारे कौतुक करत. पण ग्लास नाकाशी नेला की मी हिशेब घ्यायला बसायचो. हा शिजलेल्या मक्याचा वास, म्हणजे उकळताना झाकण ठेवलं होतं ते चुकलं. हा ओल्या पुठ्ठ्याचा, म्हणजे बाटलीत भरताना नळी वर राहिली आणि हवा मिसळली. हिरव्या सफरचंदाचा, म्हणजे घाई झाली. दुसऱ्याची बिअर पिताना मी पाहुणा असतो. ती कुठून आली, कुणाच्या हातची, तिला काय सांगायचं आहे, हे ऐकत बसतो. स्वतःच्या बिअरपाशी मी तपासनीस झालो. आणि अशी एक नाही, अडतीस. हॉप्सचा सुगंध तर काही आठवड्यांतच विरायला लागतो, म्हणजे संपवायची घाईही आलीच. ज्याला बिअरमधली विविधता आवडते, आज काळी स्टाउट, परवा गव्हाची गढूळसर पांढरी, मग कधी आंबट, त्याला एकाच चवीच्या अडतीस बाटल्या बांधून घालतात.

इथेच आणखी एक गोष्ट सांगायला हवी, जी फारशी उघडपणे बोलली जात नाही. वीस लिटर बिअर घरात असणं ही साधी गोष्ट नाही. बाहेर जाऊन एक ग्लास पिणारा माणूस उठतो, निघतो, परत येतो. त्या जाण्यायेण्यात एक मर्यादा आपोआप असते. घरात कपाटभर बाटल्या असल्या, त्याही स्वतःच्या हातच्या, 'ही कशी झाली बघू' असं निमित्त रोज तयार असलं, की ती मर्यादा नकळत सरकते. मला एकाने सांगितलं, "मला बिअर आयुष्यभर आवडत राहायला हवी, म्हणून मी ती घरात साठवत नाही." त्याच्या बोलण्यात जराही लाज नव्हती. इतकं स्वतःला ओळखणारी माणसं मी कमी पाहिली आहेत. त्याला 'मग बनवत का नाहीस' म्हणून पुन्हा पुन्हा छेडणं बरं नाही, एवढं मी ठामपणे म्हणेन.

पिणाऱ्याकडे स्वतःचं काही कामच नसतं, हेही मला पटत नाही. तपकिरी बाटली आणि पारदर्शक बाटली यांतला फरक ओळखणं, उन्हात राहिलेल्या बिअरचा तो उग्र वास हॉप्समधल्या घटकांवर प्रकाश पडल्याने येतो हे जाणणं, ग्लास स्वच्छ नसेल तर फेस लगेच का विरतो ते पाहणं, थंडगार बिअरचा गारठा थोडा कमी होऊ देऊन मग तिचा वास घेणं, याला वर्षं लागतात. बनवणाऱ्याला याची गरजही असते. आठवडाभर त्याच बादलीपाशी राहिलेलं नाक त्याच वासाला सरावतं.

माझी बादली, नळ्या, पातेलं, सगळं मी त्या बाटल्या धुणाऱ्या मित्राला देऊन टाकलं. प्रत्येक बॅचच्या दोन बाटल्या तो मला आणून देतो. मागच्या वेळी पहिल्याच वासात लोणी आलं. त्याला ते लागलं नव्हतं, त्याच्या घरातही कुणाला नाही. मी सांगितल्यावर तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "शेवटी यीस्टला वेळ दिला नाही मी." लोण्याचा वास देणारं डायअसेटिल यीस्ट स्वतःच परत शोषून घेतं, फक्त आंबणं संपत आलं की तापमान दोन-तीन अंश वाढवून त्याला आणखी दोन दिवस द्यावे लागतात. या खेपेला त्याने ते दिले आहेत. दोन बाटल्या काल आल्या, एकीवर त्याने पेनने तारीख लिहिली आहे. फ्रिजमध्ये उभ्या ठेवल्यात, गाळ खाली बसायला हवा. उद्या संध्याकाळी तो येणार आहे, तेव्हा उघडू.