करपा, तांबेरा आणि नातीचा स्वेटर

मंडळी, नमस्कार. मागून मसालेभाताचा वास येतोय, तेव्हा फार वेळ घेत नाही. टीव्हीनं आपल्या मराठीचं काय केलं, एवढंच बोलतो.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. आमच्या गिरगावच्या चाळीत टीव्ही यायला आणखी चारेक वर्षं गेली, तोही एकाच बिऱ्हाडात. आम्ही पोरं जागा धरायला लवकर जाऊन बसायचो, त्यामुळे ‘आमची माती आमची माणसं’ हा शेतीचा कार्यक्रम चुकायचा नाही. कुंडीतल्या तुळशीपलीकडे शेती न पाहिलेली पोरं आम्ही, पण भातावरचा करपा रोग, गव्हावरचा गंजासारखा तांबेरा, फवारणी, कोळपणी सगळं तोंडपाठ. कुणाच्या शर्टाला खिडकीच्या गजाचा गंज लागला की ‘तांबेरा पडला रे!’ म्हणून ओरडायचो.

मग बातम्या. भक्ती बर्वे, स्मिता पाटील, प्रदीप भिडे. प्रत्येक अक्षर धुऊन पुसून ठेवल्यासारखं. आई सिंधुदुर्गातली, घरात मालवणी बोलायची. बातम्या बघून म्हणायची, ‘असं बोलायला शिका.’ आम्ही शिकलो. पण शाळेत बाईंना भेटायला गेली की ती स्वतः गप्प बसू लागली. ‘हो’ आणि ‘नाही’, बस. टीव्हीनं प्रमाण मराठी घराघरांत नेली हे खरंच, त्यात माझाही फायदा झाला. ही लाजही त्याच खोक्यातून आली, ते मात्र मला फार उशिरा कळलं.

२०१६ मध्ये ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालवणी ढंगाची मालिका लागली. आई तेव्हा मुंबईत, मी इथे परदेशात. एरवी आमचा फोन ‘जेवलास का, थंडी किती’ इथेच संपायचा. आता ती तासभर बोलायची, तेही मालवणीत, आणि मालिकेच्या चुका काढत! ‘अशी मालवणी खंय बोलतत?’ चाळीस वर्षं जिनं बोलताना जीभ आवरली, ती आता टीव्हीवाल्यांना शिकवत होती. पाठोपाठ ‘लागिरं झालं जी’मधून साताऱ्याची बोली आली. तिचीही आई नक्कल करायची, अगदी वाईट.

आपल्या शनिवारच्या मराठी शाळेतल्या ताईंची तक्रार आहे की मुलं मालिकांतलं मराठी बोलतात. खरी आहे. माझी आठ वर्षांची नात मराठी शिकली ती आजीशेजारी सोफ्यावर बसून. तिला ‘कोथिंबीर निवड’ कळत नाही, पण कारस्थान, सूड, घराण्याची अब्रू सगळं कळतं. परवा बर्फ पडत होता. मी म्हटलं, स्वेटर घाल. ती दारात थांबली, सावकाश मान वळवली आणि म्हणाली, ‘आजोबा, या घरात माझ्या शब्दाला काही किंमत आहे की नाही?’

व्याकरणाची एकही चूक नव्हती हो. स्वेटर काही तिनं घातला नाही.